मुकी पेटी

५ फेब्रुवारी

पेटी मुकी निघाली! लेकीनं पाठवलेलं खोकं उघडलं, वायर तिच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली, देवाचं नाव घेतलं, पट्टी दाबली — काही नाही. दुसरी दाबली. नाही. गेले पैसे पाण्यात! (किंमत इथे लिहीत नाही. हिशेबात लिहिताना एकदा धस्स झालं, तेवढं पुरे.)

लेकीला फोन. "आई, ती स्वतः वाजत नाही गं! कुठली पट्टी, किती जोरात, एवढंच कॉम्प्युटरला कळवते. आवाज त्याचा."

म्हणजे चुगलखोरच म्हणायची. स्वतः गप्प, सगळं दुसऱ्याच्या कानात.

हे पलंगावरून म्हणाले, "कशाला उगाच खटाटोप." अर्धांगाचा झटका आल्यापासून हे वाक्य तोंडात तयारच असतं. उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखीच पळतात. पण डावा लुळा, आणि डाव्याशिवाय भाता मारणार कोण? जन्मभर वाजवलेली पेटी कापडाखाली पडून आहे. भाता मी मारते म्हटलं, तर म्हणाले, "श्वास तुझा आणि बोलणं माझं, असं होत नाही." म्हणून लेकीकडून ही बिनभात्याची मागवली. पुन्हा वाजवायला लागले नाहीत तर हा माणूस भिंतीकडे बघत संपेल.

७ फेब्रुवारी

मॅट्रिकचं इंग्रजी आणि डिक्शनरी घेऊन मी बसले. प्रोग्राममध्ये ट्रॅकवरचं लाल बटण दाबल्याशिवाय तो ऐकतच नाही. मग आवाजांच्या यादीत हार्मोनियम शोधली. वाजली!! पण उशिरा. मी दाबणार आता, सूर येणार सावकाश, पाहुण्यासारखा. लेक म्हणाली, "बफरचा आकडा कमी कर, उशीर जाईल." फार कमी केला तर तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं तडतडलं. मधला धरला. जमलं.

देवा, तुझं उत्तर उशिरा आलं तर चालतं. ह्याचं नाही चालत.

८ फेब्रुवारी

ह्यांनी उजव्या हातानं एक ओळ वाजवली. लगेच हात काढला. "ही श्वास घेत नाही गं. सगळे सूर नुसते ठोकळे."

पुन्हा भिंत.

१० फेब्रुवारी

व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. डावा अंगठा जरा हलतो, हलवत राहा म्हणाल्या. चेंडू दिला. "चेंडू दाबायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" चेंडू पलंगाखाली. तिथून तिसऱ्यांदा काढला.

१४ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहून ठेवते!

पेटीच्या डाव्या टोकाला दोन चाकं आहेत. शोभेची वाटली होती. लेक म्हणाली, पडद्यावरच्या आवाजाच्या बटणावर उजवी क्लिक, 'लर्न' निवड, मग चाक फिरव. शीक म्हटलं की शिकतं! एवढ्या वर्षांच्या संसारात असं कोणी भेटलं नाही.

मी घाईत पट्टी दाबून आधी दुसरंच चाक फिरवलं. सूर असा घसरला — हे ताडकन उठून बसले. "अगं, काळी दोनवरून निघालीस कुठे? बेसूर!"

ओरडले! कितीतरी महिन्यांनी ओरडले! मी मुद्दाम आणखी एकदा फिरवलं. देव क्षमा करो.

मग बरोबर चाकाला शिकवलं. वर नेलं की सूर भरतो, खाली आणलं की ओसरतो. ह्यांचा डावा अंगठा उचलून चाकावर ठेवला. म्हटलं, "हा तुमचा भाता."

ह्या वेळी अंगठा काढला नाही.

१५ फेब्रुवारी

भरला! एकच सूर. पण ह्यांच्या श्वासानं भरला.

२ मार्च

व्यायामाच्या बाईंनी चाक पाहिलं, अंगठा पाहिला, मनगट वळवून पाहिलं. "आजी, तो चेंडू राहू द्या आता." आनंदानं राहू दिला.

९ जून

आता चहा गार होतो, जेवण गार होतं, मी बोलावून बोलावून तापते. "थांब गं, एवढी ओळ." वीज गेली की मात्र कॉम्प्युटर मुका, पेटी मुकी, आणि घरात आदळआपट. आज दुपारभर तेच.

संध्याकाळी म्हणाले, "जुन्या पेटीवरचं कापड धुवायला टाक. किती धूळ!" टाकलं.

१७ ऑगस्ट

बाजारातून परतले तर जिन्यापर्यंत सूर ऐकू येत होते. ह्यांची नेहमीची ओळ, काळी दोन. ऐकत ऐकत वर चढले. कुलपाला किल्ली लावली आणि आठवलं —

वीज तर सकाळपासून नाही!