सहादेवच्या मागचा पहारा

प्रिय समर्थ,

आशीर्वाद आहेच, पण आधी माझा राग वाच. तू मोबाईल उचलत नाहीस, आईचासुद्धा नाही, म्हणून कागद घेऊन बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली निम्मी बकऱ्यांमागं गेली, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. बनुबाईचा जावई कांद्याचा टेम्पो घेऊन चाकणला येतोय, त्याच्याकडं देते. त्याला चहा पाज, नाहीतर म्हणायचा छबूबाईच्या नातवाला रीतभात नाही. तसं आता गावात सगळेच म्हणतायत.

सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, हे तुला मी सांगावं का रे? एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. बाप लेकाच्या पडतो, पाटील गड्याच्या पडतो. सहादेवच्या मागचा पहारा तुला कुणी मुद्दाम लावला नाही. तुझा बाप होता तेव्हा तो थोरल्या भावाच्या हातून वीणा घ्यायचा, तो गेल्यावर त्याच्या जागी तू. आणि तू काय केलंस, तर चुलत्यासमोर उभा राहिलास, मंडपाकडं तोंड केलंस, आणि ओरडलास, "ज्यानं माझ्या आईला पाडलं, त्याच्या पाया मी पडत न्हाई." आणि गाडीला किक मारून गेलास. सप्ताह काय प्रचारसभा आहे?

निवडणुकीचं मला सांगू नको. सहादेव चुकलाच. विधवा भावजय सरपंचकीला उभी, आणि हा लंकाबाईसाठी दारोदार मतं मागत फिरला. शब्द दिला होता म्हणे. घरातल्या बाईला शब्द द्यायला जीभ झिजत होती का त्याची? निकालाच्या दिवशी त्यांचा गुलाल उडत आपल्या उंबऱ्यापर्यंत आला, तो मी झाडला आणि झाडता झाडता पोटच्या पोराला अशा शिव्या घातल्या की शेजारीण दार लावून आत गेली. पुष्कळ दिवस त्याच्या घरचा चहा घेतला नाही. तेव्हा आजी त्यांच्या बाजूची झाली असं मनात आणू नको.

पण तुझ्या आईकडं बघ. पडली ती, राग तुझ्यापेक्षा तिचा मोठा. तरी रोहिणी रोज पंगतीच्या चुलीवर लंकाबाईच्या शेजारी बसून भाकरी करते. लंकाबाईच्या भाकरीचे काठ फाटतात, पहिल्यापासूनच. तर तुझी आई म्हणाली, "सरपंचबाई, आधी पीठ मळायला शिका, मग गाव सांभाळा." लंकाबाईच्या तोंडाला पदर, हसत होती का रागावली होती देव जाणे. रोहिणीच्या मनात काय आहे ते तिचं तिला. पण गावाची भाकरी तिनं थांबवली नाही.

तू गेलास आणि वीणा सहादेवच्याच गळ्यात. त्याचा पहारा संपलेला, घ्यायला कुणी नाही. तुमच्या पॅनेलचे सगळे तिथंच होते. एवढे अभंग पाठ असलेली माणसं, पण सहादेवपुढं वाकायचं म्हटल्यावर कुणी छताकडं बघतंय, कुणी चप्पल शोधतंय. मग मीच पुढं झाले. तुमचा आप्पासाहेब म्हणतो, "काकू, आपल्या गावात बाईच्या गळ्यात वीना गेली न्हाई कधी." म्हटलं, "मग तू घे बाबा, वाक आमच्या सहादेवपुढं." मी वाकले. सहादेव मागं सरायला लागला, तर म्हटलं, उभा राहा गुमान, नेम आहे.

आणि काय सांगू पोरा, वीणा गळ्यात आली आणि राग विसरून मला हसूच फुटलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून लांबून बघत होते. केवढी हलकी असते रे ती. मी तर नाचले, गुडघे गुडघे म्हणत कुरकुरणारी मी. आता रोज तुझा पहारा मीच करते, आणि आणखी बायका विचारायला लागल्यात. देवाला म्हटलं, ह्या चुलत्या-पुतण्याला अक्कल दे, आणि उरली तर मलाही दे थोडी, मी पण लई बोलते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सहादेवनं शपथ घातली होती सांगू नको म्हणून. शपथ मोडते, देवाला काय करायचं ते करू दे. तू मंडपाकडं तोंड करून ओरडत होतास ना, तेव्हा तुझ्या पाठीमागं तो वाकला होता. आधी घेणाऱ्यानं वाकायचं, पण तो आधी वाकला. त्याचे गुडघे तुला माहीत आहेत, जेवायलासुद्धा खुर्ची लागते. एका हातानं वीणा छातीशी धरली, दुसरा खांबाला लावला आणि खाली गेला. तुझ्या पायाला हात लागायच्या आत तू निघालास. तर तू उभा होतास त्या फरशीला त्यानं हात लावला आणि तो कपाळाला लावला. उठता येईना, मी उठवलं. अख्ख्या गावानं पाहिलं, तू एकट्यानं तेवढं नाही. चुकलो असं तोंडानं म्हणायची ह्या घरातल्या पुरुषांची रीत नाही, तुझा आजाही कधी म्हणाला नाही. त्याला माफ करायचं का नाही ते तू आणि तुझी आई बघा, मी मध्ये पडत नाही. पण पाठीमागं काय झालं ते न बघता रागावून बसलास, त्याचा मला संताप आहे. परवा काला आहे. तुझा पहारा दुसऱ्याच्या मागं लावून देतो, म्हणजे सहादेवपुढं वाकायला नको, असं सांगायला आप्पासाहेब काल घरी आला होता. त्याला मी पायरीवरूनच परत धाडला.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
छबू आजी