चार कोंबड्या आणि हेडमास्तरची खुर्ची

सोमवार, ८ ऑक्टोबर २००७
शाळेत मोठी बातमी. आमचे हेडमास्तर अण्णाजी डिसेंबरअखेर रिटायर होतात. त्यांच्यानंतर वडनेरच्या शाळेत सिनियर दोघेच, मी आणि प्रमिलाबाई. तालुक्याच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांचा निरोप असा, की तोवर जो कम्प्युटरची परीक्षा पास होईल त्याच्याकडे चार्ज. दोघेही झाले तर सिनियर म्हणून मी. म्हणजे खुर्ची माझीच. बाई मोबाईलवर नंबरसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेतात. त्यांच्याबद्दल वाईट वाटते.
हिंगणघाटला घराजवळच्या क्लासमध्ये नाव घातले. बाईंनीही घातले. संकल्प: रोज संध्याकाळी क्लास, पहाटे वाचन, चहा बंद.

मंगळवार, ९ ऑक्टोबर
चहा चालू. चहाशिवाय कम्प्युटर डोक्यात शिरत नाही.

गुरुवार, ११ ऑक्टोबर
माउस फार हट्टी वस्तू आहे. बाण उजवीकडे न्यायचा होता. टेबल संपले तेव्हा मी माउस भिंतीवर चढवला. क्लासचे सर म्हणाले, तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो. हे आधी सांगायला हवे होते. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतले.
हात बसवायला अश्विनच्या कॅफेत गेलो. अश्विन माझा जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. तो म्हणाला, सर, हा गेम खेळून पाहा, हात आपोआप बसते. वर दांडीवर चार कोंबड्या. त्या अंडी टाकतात. खाली टोपली. माउसने टोपली सरकवून अंडी झेलायची. तीन फुटली की खेळ खलास. शेवटी आपले नाव टाकायचे, मग जगभरातले स्कोअर दिसतात.
स्कोअर: ४. हा खेळ नाही, अभ्यास आहे.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
आज घट बसले. जेवताना अन्नपूर्णेला गेमबद्दल सांगितले, ही चूक झाली. ती म्हणाली, घरात घट बसले अन् तुमी अंडे झेलून राह्यले? मी म्हणालो, ही विजेवरची अंडी आहेत. ती म्हणाली, अंडं ते अंडं. शिकलेल्या माणसाने बायकोशी वाद घालू नये. तडजोड झाली: नवरात्रभर एकही अंडे झेलायचे नाही. नुसते निरीक्षण.

मंगळवार, १६ ऑक्टोबर
निरीक्षण जोरात. टोपली कोपऱ्यात उभी करतो, तिन्ही अंडी फुटू देतो, पुन्हा सुरू. शेजारच्या मशीनवरचा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. नंतर त्याने अश्विनला हळूच काहीतरी विचारले.
निष्कर्ष: डावीकडची पहिली कोंबडी आळशी. दुसरी आणि चौथी एकदमच टाकतात, त्यांचे आपसात ठरलेले आहे. तिसरी टाकण्याआधी मान हलवते. क्लास चार दिवस बुडाला, पण ही माहिती क्लासमध्ये मिळाली नसती.

सोमवार, २२ ऑक्टोबर
दसरा झाला. आता पूर्ण ताकद. सूत्र सापडले आहे. टोपली मध्यभागी ठेवायची, जवळ येईल ते घ्यायचे, लांबच्यामागे धावायचे नाही. मधूनच सोन्याचे अंडे पडते, त्याला पन्नास गुण, पण ते मुद्दाम लांब पडते. माणसाला मोहात पाडण्यासाठीच ठेवले आहे. त्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही.
स्कोअर: ३८. सोन्याच्या अंड्यामागे गेलो.

मंगळवार, २३ ऑक्टोबर
३५. सोन्याचे अंडे.

बुधवार, २४ ऑक्टोबर
आज मोहावर विजय. सोनेरी काही दिसले की डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाकीची तीन फुटली. स्कोअर: ९. पण विजय तो विजय.

शुक्रवार, २ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत प्रमिलाबाई म्हणाल्या, सर, तुमी क्लासले काऊन येऊन नाई राह्यले? मास्तर रोज विचारून राह्यले. काल फोल्डर बनवाचं शिकवलं, मी दाखवू काय तुमाले? मी म्हणालो, मी सध्या इंटरनॅशनल लेव्हलला प्रॅक्टिस करतो आहे, तुम्ही तुमचे बघा. त्या म्हणाल्या, असंन बापा.
हेडमास्तर झाल्यावर त्यांना कम्प्युटर मीच शिकवीन. मनात राग ठेवायचा नाही.

सोमवार, १२ नोव्हेंबर
सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा दिवस. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या, म्हणून पहिल्यांदाच सकाळी कॅफेत गेलो. साडेदहा वाजून गेले होते. स्कोअर १५६. नाव टाकले आणि यादी आली. सगळ्यात वर मी. रूपराव, वर्धा डिस्ट्रिक्ट, इंडिया. जगात पहिला! खाली फक्त एक जण, बहुतेक कॅनडाचा. त्याचे दोन गुण.
अश्विन म्हणाला, सर, हे फक्त आजचं हाय. तिकडं अमेरिकेत आत्ता तारीख बदलली, समदे झोपून राह्यले, म्हणून यादी रिकामी दिसते. मी त्याला म्हटले, बाळा, झोपायला त्यांना मी सांगितले होते का? यादीची प्रिंट काढून घेतली.
संध्याकाळी पुन्हा पाहिले तर माझे नाव दिसेना. नेट स्लो असावे.

सोमवार, २६ नोव्हेंबर
शाळा उघडली. प्रिंट अण्णाजींना दाखवली. वडनेरच्या स्टँडवर सरपंच गुलाबराव भेटले, त्यांनाही दाखवली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण एकचा आकडा आणि माझे नाव एका ओळीत आहे हे त्यांनी ओळखले. म्हणाले, गुरुजी, जगात पह्यले आले अन् गावाले सांगतलं नाई? सत्कार झालाच पाह्यजे. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा नाही म्हणणे म्हणजे गावाचा अपमान झाला असता.
गेम कसला हे कोणी विचारले नाही. मीही विषय वाढवला नाही.

रविवार, २ डिसेंबर
सत्कार. स्टँडवर फ्लेक्स, माझा हसरा फोटो, वर लिहिलेले: जागतिक संगणक स्पर्धेत प्रथम. शाल, श्रीफळ, बँड. तालुक्याचे शिक्षणखात्याचे साहेब प्रमुख पाहुणे. मी बोललो. सुरुवातीला थोडक्यात बोलतो असे म्हणालो होतो, पण यशामागचा प्रवास थोडक्यात बसत नाही. टोपली मध्यभागी ठेवा, असे मी समाजाला आवाहन केले. टाळ्या पडल्या.
मग साहेब बोलले. तालुक्यात जे शिक्षक या परीक्षेत नापास होतील, त्यांच्यासाठी जानेवारीत वडनेरच्या शाळेत खास वर्ग ठेवू, आणि मार्गदर्शक म्हणून रूपराव सरांशिवाय दुसरे कोण? पुन्हा टाळ्या. मी हात जोडले.
प्रमिलाबाई उशिरा आल्या, रविवारचा जादा क्लास करून. अभिनंदन म्हणाल्या. मग विचारले, सर, परीक्षेचं झालं काय वाचून? मला हसू आले. ज्याचा फ्लेक्स लागला आहे त्याला हे विचारायचे?

रविवार, १६ डिसेंबर
परीक्षा. पडद्यावर प्रश्न, खाली चार उत्तरे, एकावर क्लिक करायचे. पाहताक्षणी ओळखले: चार कोंबड्याच. सूत्र लावले. बाण मध्यभागी ठेवला आणि जवळचे उत्तर घेतले, लांबच्यामागे धावलो नाही. सगळ्यात आधी मीच उठलो. परीक्षेवरचे सर माझ्याकडे बघतच राहिले. प्रमिलाबाई अजून ओठ हलवत प्रश्न वाचत होत्या. बिचाऱ्या.
घरी आल्यावर अन्नपूर्णेने विचारले, काय काय आलंतं? मला एकही प्रश्न आठवेना. इतका वेग होता.

बुधवार, २६ डिसेंबर
निकाल. प्रमिलाबाई पास, चांगल्या मार्कांनी. मी नापास.
कारणे: एक, तिथला माउस वेगळा होता. दोन, खुर्चीला चाके होती. तीन, मशीनमध्ये काहीतरी गडबड. अश्विनला विचारले. तो म्हणाला, सर, मशीनमध्ये गडबड असती तर बाईचंही बिघडलं असतं ना. तो आजकाल उलट बोलतो.
घरी सांगितले. अन्नपूर्णेने ताट वाढले आणि ती समोर बसली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

मंगळवार, १ जानेवारी २००८
आज प्रमिलाबाई हेडमास्तरच्या खुर्चीत. मीच हार घातला, सिनियर म्हणून. स्टँडवर उतरल्यावर फ्लेक्सकडे न बघता जायचे ठरवले होते. पण चपलेचा अंगठा तिथेच तुटला, आणि मी माझ्याच फोटोखाली उभा राहून तो जोडत होतो. गुलाबराव तिथूनच गेले. म्हणाले, गुरुजी, खुर्ची बाईले देली, मोठं मन हाय तुमचं. मी मान हलवली.
दुपारी बाईंनी बोलावले. म्हणाल्या, साहेबांचा फोन होता, नापास शिक्षकांचा वर्ग शनिवारपासून आपल्या शाळेत, तुमाले सांगाले लावलं. मी विचारले, तालुक्यातले किती जण आहेत? त्या टेबलावरच्या डस्टरकडे पाहत म्हणाल्या, साहेबांनी यादी नाई सांगतली. बारीक आवाजात म्हणाल्या.
ठीक आहे. शिकवताना शिकणे होते. तयारी जोरात करायची. चहा बंद.

शनिवार, ५ जानेवारी
सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी वर्ग उघडून दिला. त्यांनी स्वतः झाडून घेतलेला दिसला. खडू ठेवला होता, कम्प्युटरवरची चादर काढलेली होती, पाण्याचा तांब्या भरलेला.
मी शर्टाला इस्त्री करून गेलो होतो. साडेबारापर्यंत कोणी आले नाही. एक वाजता विचारायला ऑफिसात गेलो. बाई म्हणाल्या, सर, बसा. बसलो. त्या म्हणाल्या, बाकी समदे पास झाले. म्हणजे तालुक्यातले सगळेच. मग हजेरीपट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, साहेब सोमवारी पाहाले येऊन राह्यले, मार्गदर्शकाची सही वर, विद्यार्थ्याची खाली.
दोन्ही सह्या केल्या. खालची करताना लाज वाटली, फार वाटली, हे इथे लिहितो कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.
परत वर्गात आलो. फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला, खडू खाली ठेवला. मग पहिल्या बाकावर जाऊन बसलो.