टाकीच्या आतला पाढा

बाबा, आज आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर टाकी धुणारे आले आहेत. एक जण आत उतरला आणि बाहेरचा त्याच्याशी सारखं बोलत बसला. मी कपडे वाळत घालायला गेले होते, ती बादली तिथेच टाकून खाली पळून आले. मी आता स्वतः पेन्शनर झाले, तरी माणूस टाकीत उतरताना दिसला की मला तिथे थांबवत नाही.

आपल्या नल्लकुंट्याच्या घरावरची लोखंडी टाकी गंजून तिच्या तळाची चाळण झाली होती. स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती, आणि आई पोळ्या लाटताना सारखी वर बघायची. वेल्डर म्हणाला, "पत्रा उरलाय कुठे? प्लास्टिकची घ्या." समोरच्यांनी घेतलीही होती. पण तुमच्या सरकारी कारखान्यात तेव्हा पगार रखडलेले, माणसांना स्वेच्छानिवृत्तीवर धाडायला सुरुवात झालेली. "माझं नाव नाही त्यात," असं तुम्ही जेवताना रोज सांगायचात, आणि रोज सांगायचात म्हणूनच मला धडकी भरायची. शेवटी तुम्ही कोठीच्या बाजारातून तारेचा ब्रश आणि डबाभर डांबरी रंग आणलात. भोकांवर पत्र्याचे तुकडे बसवून आतून रंगाचे हात द्यायचे, असा बेत. नळाला एक दिवसाआड पाणी. "उद्या नल्ला येणार, आजच उरकू," म्हणालात आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी झाकणातून आत उतरलात.

उतरताना मला म्हणालात, "मी पाढे म्हणतो. आवाज येतोय तोवर भ्यायचं नाही." पाढे शिकवतानाची तुमची खोड मला ठाऊक होती. मध्येच मुद्दाम चुकायचं, आणि आम्ही पकडलं की म्हणायचं, "शाब्बास, जागी आहेस!" मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन झाकणाशी बसले आहे. रंगाचा वास डोळ्यांना झोंबतो आहे. आतून तुमचा आवाज घुमतो, "एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक सत्तर." "शहात्तर!" मी खूश होऊन ओरडते. शाब्बास येत नाही. "बाबा, शहात्तर!" "चोक... चोक..." तुमची जीभ जड झाली आहे. मग ब्रश पडल्याचा आवाज होतो, आणि पुढे काहीच नाही.

मी कशी किंचाळले ते मला आठवत नाही. शेजारचे चाचा कठडा ओलांडून आले आणि कमरेपर्यंत झाकणात वाकले. "नक्को रो बेटी, मेरे पाँव पकड!" मी पाय धरले, आई धावत वर आली, आणि आम्ही तिघांनी तुम्हाला ओढून काढलं. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता. उलटी झाली, पाणी प्यालात, आणि पहिलं वाक्य काय, तर "चुकलो नव्हतो मी. ही जागी आहे का बघत होतो." चाचा तुमची पाठ चोळत "हौ साब, हौ" म्हणाले. मीही हसले. पण हे वाक्य तुम्ही "माझं नाव नाही त्यात" याच सुरात म्हणालात, आणि मी हसायची थांबले. नाव होतंच, महिन्याभरात कळलं. टाकी मात्र पुढे बरीच वर्षं गळली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. शेवटच्या आजारात बरकतपुऱ्याच्या दवाखान्यात तुम्हाला आमची नावं आठवेनात, पण पाढे चालू होते. एका सकाळी म्हणालात, "एकोणीस चोक सत्तर," आणि माझ्याकडे बघत राहिलात. शहात्तर अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "बरोबर, बाबा." मी चूक पकडली असती आणि शाब्बास आलंच नसतं, तर? तेवढं आजमावायची माझी हिंमत नव्हती.