बुधवारची तिथी

७ जुलै
आज कामाला लागले. कॉलेजातली कीटकांची खोली स्वच्छ आहे, वारा छान येतो. रेश्मा मॅडमनी खिशांचा नवा एप्रन दिला. काम सोपं आहे. बरण्यांतल्या माशीच्या अळ्यांना बकऱ्याचं काळीज घालायचं, खोलीचं तापमान टिपायचं. मेलेल्या माणसावर माशी लगेच अंडी घालते. अळी किती वाढली यावरून माणूस कधी गेला ते कळतं. जेवणाच्या सुट्टीत मॅडमचं पुस्तक वाचलं. वासाचं काही वाटलं नाही. माझे मालक गेल्यापासून कशाचंच वाटत नाही.

११ जुलै
गेल्या वर्षी एमआयडीसीतल्या बंद शेडमध्ये सापडलेले महिपती माझे मालक, हे मॅडमना आज कळलं. त्यांच्या अंगावरच्या अळ्या इथंच तपासायला आल्या होत्या. हे काम झेपेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झेपेल, फक्त ते गेले तो वार सांगा. वर्षश्राद्ध जवळ आलंय. ते रविवारी सापडले. शनिवारी दुपारी घरी जेवून गेले होते, म्हणून आम्ही शनिवार धरला. पण दहाव्याला कावळा शिवला नाही. तिथी चुकली, असं सासूबाई तेव्हापासून म्हणतात.

१४ जुलै
मॅडमनी गेल्या वर्षीच्या नोंदी काढून गणित दोनदा केलं. बुधवार.
मी म्हटलं, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ते भाकरीला आले होते. लूमवर दुहेरी पाळी होती, जेवून लगेच जायचे.
त्या हळूच म्हणाल्या, "ताई, दुःखात वार चुकतात."
चुकले नाहीत. तिन्ही दिवस ते एक शब्द बोलले नव्हते. माश्या ताटावर नाही, त्यांच्यावर बसत होत्या. मी पदरानं वारत होते.

१५ जुलै
सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्याबी बघितलं व्हतं त्याला. तू लई मायेनं वाढत व्हतीस, कसं बोलू?"
त्या बुधवारची तिथी परवा येते. त्या तिथीला पिंड ठेवला की तो कायमचा जाईल, म्हणाल्या.

१६ जुलै
भर दुपारी दारात मालकांची गाडी वाजली. उंबऱ्याबाहेर उभे होते. आत आले नाहीत. माश्या मात्र आत —

१७ जुलै
पिंड तयार. कावळा समोरच्या पत्र्यावर. सासूबाई अंगणातून म्हणतायत, ठेव लवकर —
ते आत येऊन बसलेत. माझा डावा हात धरलाय. त्यांच्या कातडीखाली वळवळ —
पण हात गार नाही. अळ्या एकत्र आल्या की ऊब धरतात, मॅडमनी शिकवलंय. ठाऊक आहे मला. तरी ऊब —
पिंड अंगणात नेऊन ठेवायचा तर हात सोडवायला हवा. आणि मी —