घाटात जळालेलं इंजिन

आप्पा, परवा काकांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. एवढी वर्षं ते दिवाळीला माझ्या हातचं जेवले, पण कधी बोलले नाहीत. तुम्हीच त्यांना तसं बजावलं होतं म्हणे.

काष्टीत पोरीला ट्रक शिकवणारे तुम्ही एकटेच. पाय पुरायचे नाहीत म्हणून माझ्या पाठीशी धान्याचं पोतं दुमडून ठेवायचात. "नजर रस्त्यावर, पन दर दोन मिन्टांनी गरमीच्या काट्यावर," असं रोज सांगायचात. "मागं ट्रेलर आसला की इंजिनाला धाप लागती. काटा चढला की बाजूला घ्यायची. रस्ता काय पळून जात न्हाई." एकदा मी काटा न बघता तशीच पुढे गेले, तर तुम्ही मला भर उन्हात खाली उतरवून तासभर गाडीशेजारी उभं केलंत. मला राग आला नाही. तुम्ही मला मनापासून ड्रायव्हर करताय, असंच वाटलं होतं.

आणि मग तो एप्रिल. विदर्भात दीड महिना गहू काढून आपण दोघं परत निघालोय. ट्रकमागे ट्रेलर, ट्रेलरवर हार्वेस्टर. पाथर्डीपर्यंत गाडी मी आणली. तिथे चहा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "पुढं चढ हाय, आन हिकडं." मी शेजारच्या सीटवर सरकले. घाट लागला आणि काटा मधल्या रेघेच्या वर गेला.

"आप्पा, काटा बघा."

"बघितला."

"थांबू या ना. निदान हीटर तरी लावा, इंजिनाची गरमी ओढून घेईल, खालचा गिअर टाका."

"उद्या सकाळी काष्टीत मशीन उभं करायचंय. तुझ्या काकानं शब्द दिलाय. चढ संपला की उतरतोय काटा."

काटा लाल पट्टीत गेला तरी तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाहीत. वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली, आतून खडखड आवाज आला आणि गाडी जागीच बसली. तुम्ही फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावलात. मी तुमचं मनगट धरून मागे ओढलं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. दगडावर बसून तुम्ही हातातलं फडकं पिळत राहिलात. मला तुमची दया आली होती, आप्पा.

गाडी ओढून काष्टीला आणली. काका, शेजारपाजारचे, मिस्त्री, सगळे गोळा झालेले. मिस्त्री म्हणाला इंजिन गेलं. काकांनी विचारलं, "चालवत कोन हुतं?"

तुम्ही टायरकडे बघत म्हणालात, "पोरगी."

एवढंच. मी तुमच्याकडे बघत राहिले, तुम्ही मान वर केली नाहीत. "बाईच्या हातात दिल्यावर काय व्हनार?" असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तुम्ही ट्रेलरचे दोर सोडायला लागलात. पुढच्या हंगामाला माझ्या जागी पगारी ड्रायव्हर आला, आणि दिवाळीनंतर माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तुम्ही रडलात. तेव्हा तरी कानात सांगाल, असं वाटत होतं.

सुप्याला माझ्या नवऱ्याचं शेतीची अवजारं दुरुस्त करायचं दुकान आहे. नादुरुस्त यंत्रं आणायला त्यांनी पिकअप आणि एक ट्रेलर घेतला. परवा त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. काका समोर बसलेले. मी म्हटलं, "मला नको. माझ्या हातनं गाडी जळती." मी हसत म्हटलं होतं. काकांनी ताट बाजूला सारलं.

"तुझ्या हातनं न्हाई जळाली, बाय. त्योच चालवत हुता. दवाखान्यात मला म्हनला. पोरीला सांगू नको म्हनला, माझ्याकडं बघनार न्हाई ती."

म्हणजे तुम्हाला बोलता येत होतं. तुम्ही ते भावाजवळ बोललात. मी त्याच दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस तुमच्या उशाशी होते, तुमचे ओठ ओले करत होते. खोटं मी गिळलं होतं. पण खरं बोलायला माणूस निवडताना तुम्ही मला वगळलंत, ते गिळवत नाही.

काल मी ट्रेलर जोडून पाथर्डीहून एक मळणीयंत्र आणलं. चढावर काटा हलला. मी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, हीटर पूर्ण सोडला आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं. काटा उतरल्यावर बंद केलं, आणि झाकणाला हात लावण्याआधी तासभर थांबले. पाणी थोडं कमी होतं, ते घातलं. मागून एक ट्रकवाला येऊन विचारून गेला, "ताई, काय मदत?" मी म्हटलं, "काही नाही, थंड होतीय." संध्याकाळी गाडी दुकानासमोर लावली आणि किल्ली माझ्याजवळच ठेवली.

हा कागद मी कुठे ठेवणार, माहीत नाही. आईच्या हाती तर नक्कीच देणार नाही. एक गोष्ट मात्र काकांनाही सांगितली नाही. ते बोलले तेव्हा मी रुबाबात म्हटलं, "मला माहीतच होतं." तसं नव्हतं, आप्पा. इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून अलीकडे मलाच वाटायला लागलं होतं, की त्या दिवशी गाडी मीच चालवत होते.