दादाच्या होडीत शिसं नाही

प्रिय दादा,

तुझ्या होडीचं चित्र मोबाईलवर मिळालं. शारजाच्या आमच्या होड्यांच्या यार्डात चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवलं. आमचा केरळी मिस्त्री बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, घर छान आहे, पण त्याच्या तळाला होडी कशाला जोडली? सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

सतरा फूट लांबी, आणि केबिनमध्ये ताठ उभं राहता येतं! कशाला? भाषण करायचंय? दोन पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी छपरावर. तुझ्या लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत टाकी वर ठेवत असतील, कारण कंपनी डोलत नाही. वहिनीला पडदे कसले हवेत तेही कळवलंस. होडीखाली सोडायची फळी किती वजनाची, ते मात्र नाही. मी ओळखलं, नुसतं प्लायवूड आहे. शिसं वगळलंस, कारण ट्रेलरवरची होडी ओढत तुझी गाडी वेळणेश्वरचा घाट चढली पाहिजे. म्हणजे इंजिनिअरसाहेब, तुम्ही होडी गाडीच्या सोयीने काढलीत. समुद्राला विचारायचं राहिलं.

मी आठवी नापास, मान्य. पण लहानपणी पऱ्ह्याच्या पाण्यात पोफळीच्या वाळक्या विरीच्या होड्या सोडायचो, तेव्हाही तुझी देखणी असायची आणि उलटायची. मी माझ्या होडीत दगड ठेवायचो, तर तू म्हणायचास, विन्या, काय ते ध्यान!

इथे नवी होडी पाण्यात टाकली की डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधून तिला आम्ही मुद्दाम आडवी पाडतो. दोर सोडल्यावर आपली आपण उठली, तरच माणूस बसवतो. तुझी उठणार नाही. मागच्या पानावर काढून दिलंय: केबिन दीड हात खाली, टाकी तळाशी, फळीच्या टोकाला शिसं. गाडी ओढणार नाही म्हणशील. मग कुणाची जीप माग.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतोस आणि शेजारी बाबा असतात. परवा त्यांनीच मला गुपचूप फोन केला. जन्मभर समुद्रावर तांडेलकी केलेला माणूस. अंगणातला होडीचा सांगाडा बघूनच त्यांना कळलं. म्हणाले, "कलली की उठायची नाय रे ती. पण नारळी पुनवेला मी बसणार. थोरल्याने बापासाठी बांधलीय. नाय म्हटलं तर त्याचं तोंड उतरेल." त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पोहणं संपलं, हे त्यांना ठाऊक आहे. तरी हसत होते, दादा. तेव्हा चूक तुझी तुलाच सापडली, असं त्यांना सांग. माझं नाव काढू नकोस. चित्र उतरवून घे आणि हे पत्र चुलीत घाल.

तुझाच,
विन्या