बिनदाराच्या घरातून

शिंगणापूर,
१० ऑगस्ट २०२५

ती. स्नेहलताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणशील, मोबाईल असताना ही बया पत्रं काय लिहीत बसलीय. तर ऐक. स्क्रीनवरची अक्षरं मला दोन-दोन दिसतात, आणि फोनवर बोलावं तर आमच्या घराला दार नाही. मी खाटेवरून कितीही हळू बोलले तरी पडवीत आत्याबाईंना ऐकू जातं. सासूबद्दल बोलायचं ते सासूच्या कानावर घालून कसं बोलू? कागदावर मोठ्ठं लिहिता येतं. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस, उजवा हात अजून रुसलेलाच आहे.

मंगळवारी नगरच्या दवाखान्यात रक्त देऊन आले. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्यासारख्या एम.एस.च्या पेशंटांचं रक्त तपासतायत. त्यांचं म्हणणं, हा आजार नसांवरचं वेष्टण कुरतडतो हे सगळे बघतात, पण अंगात जी सूज सारखी धुमसत असते ती रक्तवाहिन्यांचं काय करते हे फारसं कुणी बघत नाही. त्या आतून खराब व्हायला लागल्या की रक्तात म्हणे काही खुणा उतरतात, छातीत दुखायच्या कितीतरी आधी. मी दिवसभर काय करते, असं त्यांनी विचारलं. पडून असते म्हटलं. चालता येत नाही का म्हणाल्या, तर येतं, वॉकर धरून अंगण पार करता येतं, असं सांगितलं. मग पडून का असता, याला मात्र मी उत्तर दिलं नाही. शेजारी आत्याबाई बसल्या होत्या.

उत्तर तुला देते. गेल्या वर्षी नळावर घसरून पडले, तेव्हापासून त्यांनी मला खाटेवरून हलू दिलेलं नाही. पाणी हातात, ताट हातात, भातावर साजूक तुपाची धार. शनिवारी आणि अमावस्येला हे दुकानावर तेल आणि रुईच्या माळा विकायला बसतात, त्याही मदतीला जातात, आणि जाताना चौकटीत आडवी फळी लावतात. कुत्री शिरू नयेत म्हणून गावात बरेच जण लावतात. पण आमची पूर्वी वीतभर होती, आता गुडघ्याच्या वर आलीय. कुत्री काही उंच झालेली नाहीत.

कडी नाही, कुलूप नाही, आणि मी आत. ताई, जीव घुसमटतो गं. रिपोर्ट तुझ्या मेलवर येईल. तू वाच आणि यांना समजेल असं लिहून पाठव, तुझा शब्द हे मोडत नाहीत. चालायला सांगितलेलं असलं की माझी सुटका होईल.

आईला नमस्कार. माझ्यावर माया ठेवून आहेस, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ज्ञानू

•

संगमनेर,
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रिपोर्ट आला. लायब्ररीतून अर्धी सुट्टी टाकली आणि मॅडमना फोन करून सगळं नीट समजावून घेतलं. आधी हे वाच, मग घाबर. आज तुला हृदयाचा कुठलाही आजार नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज असल्याच्या खुणा मात्र तुझ्या वयाच्या मानाने जास्त आहेत. मॅडम म्हणाल्या, ही नुसती सूचना समजा, आणि वेळेवर मिळालीय. गोळ्यांचं पुढे बघू, सध्या रोज थोडं चालायचं, तोल सांभाळून, कुणाच्या तरी सोबतीने. तूप बेताने. पडून राहिलीस तर या खुणा वाढण्याचीच शक्यता जास्त. फेब्रुवारीत रक्त पुन्हा तपासायचं आहे.

तू सांगितलंस तसं तुझ्या नवऱ्याला, आबासाहेबांना, हेच सगळं वेगळ्या पत्रात लिहिलं आहे, अगदी सोपं करून. तुपाचं वाचून आईला हसू आलं. लहानपणी माझ्या पोळीवरचं तूप चाटून पोळी मला परत देणारी तू, आता तुला जास्त झालं म्हणतेस. हसली आणि मग देवापाशी जाऊन बसली. तिचं तुला ठाऊक आहे.

धीर सोडू नकोस. आठवड्याभरात चालू लागलीस असं वाचायला मिळू दे, आणि लोभ आहेच, तो मागावा लागू नये.

तुझी,
ताई

•

शिंगणापूर,
३० ऑगस्ट २०२५

स्नेहलबाईस छबूबाईचा रामराम.

लिवनार आमची सृष्टी, तुमची भाची. सांगनार मी. तुमचं पत्र माझ्या आबासाहेबानं वाचून दावलं. लई चांगलं लिवलंय, पर मला येवढंच कळलं का सुनंच्या काळजाच्या शिरा खराब व्हायला लागल्यात. आधी पाय हुते, डोळं हुतं, आता काळीज. आन तुमी म्हनता तिला चालवा. आवो, काळजाच्या दुखन्याला कुनी चालवतं का? आमचे मालक छातीत कळ आली तरी रानात गेल्ते. बांधावर टेकले ते टेकलेच. पडून ऱ्हायले असते तर वाचले असते, आसं डॉक्टर म्हनला. तवापासनं कुनी चाल म्हनलं का मला धडकी भरती.

तूप बंद केलं, तुमचं तेवढं ऐकलं. ती नळावर पडली तवा मीच तिचं डोस्कं धुतलं. माझे हात रगतानं भरले हुते. आजून भाकरी थापताना मधीच आठवतं. ती माझ्यावर चिडती, तोंड फिरवून झोपती, मला काय कळत न्हाई व्हय? चिडू द्या. पर ती मला जित्ती पायजे.

विहीनबाईंस्नी नमस्कार सांगा. राग धरू नका, आमाला आपलं म्हना.

छबूबाई

(मावशी, आजीने सांगितलं तसंच लिहिलं आहे. — सृष्टी)

•

शिंगणापूर,
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने उलटंच झालं. यांनी त्यातला रक्तवाहिन्या एवढा शब्द उचलला आणि वॉकर माळ्यावर टाकला. मी ओरडले, रडले, तू पाठवलेला रिपोर्ट पुढे धरला. हे म्हणाले, बरी झालीस की चाल. ताई, हा आजार बरा होत नाही, हे यांना अकरावीतली सृष्टी सांगते तरी पटत नाही.

मग अमावस्येला मीच ठरवलं. सगळे दुकानावर होते, सृष्टीसुद्धा माळा ओवायला गेलेली. फळीवर बसले, एकेक पाय हातांनी उचलून पलीकडे टाकला आणि भिंत धरून थेट रस्त्याच्या लिंबापर्यंत गेले. पडले नाही. तिथे परगावच्या एका बाईने मला देवळाची वाट विचारली. मी हात करून दाखवली. किती दिवसांनी मला कुणी काही विचारलं, सांगू. तेवढ्यात यांनी दुकानातून पाहिलं. लोकांदेखत गाडीवर बसवून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी हे सोनईहून टेम्पोत घालून दार घेऊन आले. कडीसकट. दुपारपुरतंच लावू, तिच्याच भल्यासाठी, असं आपल्या आईला समजावत होते. आत्याबाई टेम्पोपुढे उभ्या राहिल्या. शनिदेवाच्या गावात माझ्या घराला कडी लागणार असेल तर आधी मला घराबाहेर काढ, म्हणाल्या. दार आल्या पावली परत गेलं. रागाच्या भरात त्यांनी फळीही उचलून गोठ्यात फेकली. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. म्हटलं, सुटले.

सकाळी उठून बघते तर त्या उंबऱ्यात बसलेल्या. आता त्या दुकानावर जात नाहीत. निवडणं, टिपणं, जेवण, दुपारची डुलकी, सगळं उंबऱ्यात. काल मी भिंत धरत गेले आणि सरा म्हणाले. त्या म्हणाल्या, जायचंच असेल तर मला ओलांडून जा. मी पाय उचलला. हात न लावता एवढा वर जाईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही, गहू निवडत राहिल्या. वडील माणसाला ओलांडायचं कसं गं? पाय खाली ठेवला आणि खाटेवर येऊन खूप रडले. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते, आणि मधल्या मधे माझ्या शिरा कडक होत चालल्यात.

आता मी सांगते तसं कर. आईला घेऊन ये. विहीण दारात उभी राहिली की त्यांना उठावंच लागेल, पाय धुवायला पाणी आणायला आत जावं लागेल. त्या वळल्या की तू माझा हात धर आणि मला बाहेर काढ, पुढचं भांडण अंगणात उभी राहून करू. फक्त येताय हे अजिबात कळवू नका. कळलं तर तांब्या भरून उंबऱ्यातच जवळ घेऊन बसतील.

वाट बघते आहे. लोभाचं या खेपेला लिहीत नाही, तो घेऊन तूच ये.

तुझी,
ज्ञानू